समुद्राला खत घालण्याआधी

इंदूरच्या रामबागेत आमच्या मराठी मंडळाची महिन्यातून एकदा बैठक असते. या वेळी विषय होता समुद्र आणि हवामानबदल. पुण्यात नोकरी करणारा, सुट्टीला घरी आलेला एक तरुण इंजिनियर फार उत्साहाने बोलला. दक्षिण महासागरात हिराकस, म्हणजे लोखंडाचा क्षार, टाकलं की प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, फोफावतात, हवेतला कार्बन ओढून घेतात आणि मरून तळाला जातात. आपलं इंदूर कचऱ्यातून कार्बन क्रेडिट, म्हणजे हवेत जाऊ न दिलेल्या कार्बनचे विकता येणारे दाखले, कमावतं, मग देशाने समुद्रातून का कमावू नयेत? त्याला उत्तर द्यायला एक ज्येष्ठ काका उठले, पण निसर्गात ढवळाढवळ करणं पाप आहे, यापलीकडे ते गेले नाहीत. मागच्या रांगेतल्या एका ताईंनी विचारलं, मुंबईचा समुद्र इथून सहाशे किलोमीटर, आपण त्याची चिंता कशाला करायची? टाळ्या तिघांनाही सारख्याच पडल्या. घरी येताना मी अस्वस्थ होतो. प्रश्न इतका मोठा, आणि आपण तो भलत्याच जागी धरून ओढत होतो.

माझं मत आधीच सांगतो. समुद्रात लोखंड टाकून त्याची क्रेडिट विकायला माझा विरोध आहे. आणि त्याच लोखंडाचे सार्वजनिक पैशातून, खुलेपणाने, मोजमापासह होणारे प्रयोग बंद पाडायलाही माझा तेवढाच विरोध आहे. ही दोन मतं एकमेकांविरुद्ध वाटतील, पण ती एकाच विचारातून निघतात. या वादात सगळे विचारतात, प्लवकांनी कार्बन शोषला किती? खरा प्रश्न वेगळा आहे: तो कुजला कुठे?

हा प्रश्न इंदूरकराला अनोळखी वाटायला नको. १९२४ ते १९३१ या काळात इथल्या इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्रीत, म्हणजे आजच्या कृषी महाविद्यालयाच्या जागी, अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड काडीकचरा, शेण आणि माती यांच्या खड्ड्यांवर काम करत होते. त्यातून निघालेली खताची रीत जगभर आपल्या शहराच्या नावाने ओळखली जाते. त्यांच्या खड्ड्यात पडणाऱ्या मिश्रणात नायट्रोजनच्या एका भागाला साधारण ३३ भाग कार्बन असे आणि तीन महिन्यांनी तयार झालेल्या खतात ते प्रमाण १० च्या आसपास उतरे. मग मधला कार्बन गेला कुठे? जंतूंनी तो खाल्ला आणि श्वासावाटे हवेत सोडला. पान झाडावर असताना त्याने हवेतून घेतलेल्या कार्बनचा मोठा वाटा तीन महिन्यांत हवेत परत. शेतकऱ्याला त्याचं दुःख नाही, कारण त्याला हवा असतो नायट्रोजन आणि भुसभुशीत माती. पण हवेतला कार्बन कमी करायचा म्हणून कोणी खड्डा भरत असेल, तर तो खड्डा दोन फुटांवर आहे की दोन हजार मीटरवर, यावर सगळं अवलंबून राहील.

समुद्रात नेमकं हेच घडतं. वरच्या शंभरएक मीटरच्या उजेडात डोळ्यांना न दिसणारे वनस्पतिप्लवक राहतात. पृथ्वीवरच्या एकूण प्रकाशसंश्लेषणातलं जवळजवळ निम्मं काम ते करतात, वर्षाला साधारण ५,००० कोटी टन कार्बन बांधतात. पण कुठल्याही एका दिवशी त्यांचं सगळं वजन गोळा केलं तर जमिनीवरच्या झाडाझुडपांच्या एक टक्काही भरत नाही. याचा अर्थ काय? हे जंगल उभं राहत नाही. उगवतं आणि आठवड्याभरात खाल्लं जातं, पुन्हा उगवतं, पुन्हा खाल्लं जातं. खाणारे कोपेपॉड आणि त्यांच्यासारखे प्राणिप्लवक, सडवणारे जिवाणू. यातला बहुतेक कार्बन वरच्या वरच श्वासातून पाण्यात मिसळतो आणि तिथून हवेच्या देवाणघेवाणीत परत येतो. हा झाला दोन फुटांचा खड्डा.

उरलेला, म्हणजे वर्षाला ५०० ते १,२०० कोटी टनांच्या दरम्यान, खाली निसटतो, आणि त्याच्या वाटा पाहिल्या की मन थक्क होतं. डायटम नावाच्या प्लवकांना काचेसारख्या सिलिकाची डबी असते. ती जड असते, त्यामुळे मेलेले डायटम एकमेकांना चिकटून लवकर बुडतात. प्राणिप्लवकांच्या लेंड्या बुडतात. क्रिल या कोळंबीसारख्या छोट्या जिवाच्या लेंड्या तर लांब दोऱ्यासारख्या, दिवसाला शेकडो मीटर खाली जाणाऱ्या. मेलेले तुकडे, टाकलेली कात, चिकट स्राव हे सगळं मिळून पांढुरक्या भुरभुरीसारखं अंधारात उतरत राहतं. शास्त्रज्ञ त्याला सागरी हिम म्हणतात. आणखी एक वाट जिवंत आहे. रोज संध्याकाळी असंख्य प्राणिप्लवक आणि लहान मासे शेकडो मीटर खालून वर चरायला येतात आणि उजाडायच्या आत परत अंधारात उतरतात. दुसऱ्या महायुद्धात पाणबुड्या शोधणाऱ्या सोनारवर समुद्राचा एक खोटाच तळ दिसू लागला. तो दिवसा खाली आणि रात्री वर सरकायचा. तो तळ म्हणजे ही गर्दी होती. वर खाल्लेलं हे जीव खाली जाऊन पचवतात आणि श्वासावाटे तिथेच सोडतात. रोजचा हा प्रवास वजनाच्या हिशेबात पृथ्वीवरचं सर्वांत मोठं स्थलांतर आहे.

खाली उतरणाऱ्या प्रत्येक कणाला वाटेत गिऱ्हाईक भेटतं. अमेरिकन समुद्रशास्त्रज्ञ जॉन मार्टिन यांनी १९८७ मध्ये प्रशांत महासागरातल्या मोजमापांवरून एक वक्ररेषा मांडली. तिचा अर्थ असा की शंभर मीटरवरून निघालेल्या कार्बनपैकी हजार मीटरपर्यंत साधारण सातवा हिस्सा पोचतो. जिथे तो कुजतो, तिथल्या पाण्यात तो विरघळून राहतो. तीनशे मीटरवर कुजला तर काही वर्षांत किंवा दशकांत ते पाणी वर येणार. दोन हजार मीटरवर कुजला तर शेकडो वर्षं, कुठे कुठे हजार वर्षंही तो कार्बन हवेचं तोंड पाहणार नाही. तळाच्या गाळात कायमचा गाडला जाणारा वाटा तर अगदीच किरकोळ. म्हणून प्लवक कार्बन तळाशी पुरतात, हे आपण सरसकट म्हणतो ते चूक आहे. ते कार्बन खोलात नेऊन कुजवतात, आणि हवेशी असलेला त्याचा संबंध काही काळ तोडतात.

प्लवकांच्या या कामाला शास्त्रज्ञ पंप म्हणतात, आणि या पंपाबद्दल एक गैरसमज तर दोन्ही बाजूंना आहे. समुद्र आपल्या धुराचा साधारण चौथा हिस्सा घेतो, हे खरं. पण तो हिस्सा आज प्लवक ओढत नाहीत. हवेत वायू वाढला म्हणून तो गार पाण्यात जास्त विरघळतो आणि बुडणाऱ्या पाण्याबरोबर खाली जातो. ते रसायनशास्त्र आणि प्रवाहांचं काम. प्लवकांचा पंप कारखाने येण्याच्या कितीतरी आधीपासून चालू आहे. जेवढं खाली जातं जवळजवळ तेवढंच वर येणाऱ्या पाण्याबरोबर परत येतं. इंदुरात पंप समजावून सांगावा लागत नाही. पाण्यासाठीच्या १९७० च्या आंदोलनानंतर, १९७८ मध्ये नदीकाठच्या जलूदहून नर्मदा चारशे मीटरहून अधिक चढून आपल्या घरी आली. टाकीत जितकं चढतं तितकंच नळांतून उतरतं, पण टाकी भरलेली राहते. समुद्राच्या खोलात आज हवेतल्या कार्बनच्या चाळीसपटींहून जास्त कार्बन आहे, आणि ही टाकी भरलेली ठेवण्यात प्लवकांचा मोठा हात आहे. पंप मंदावला तर गळती चालूच राहील आणि हवेतला वायू वाढेल. त्यामुळे त्याची राखण ही चैन नव्हे. पण 'आपला धूर प्लवक खातात' असं म्हणून निवांत होणं म्हणजे नर्मदेचा पंप चालू आहे म्हणून नवी वसाहत फुकट पाणी वापरू शकते असं म्हणण्यासारखं आहे.

आता त्या तरुणाचा मुद्दा. त्यात ताकद आहे आणि ती मी मान्य करतो. दक्षिण महासागरात नायट्रेट आणि फॉस्फेट भरपूर, पण लोखंडाचा दुष्काळ. माळव्यात चुनखडीच्या जमिनीवर सोयाबीन पिवळं पडलं की हिराकस फवारतात, तीच गोष्ट. हाच जॉन मार्टिन १९८८ मध्ये म्हणाला होता, मला अर्धा टँकर लोखंड द्या, मी तुम्हाला हिमयुग देतो. बोलण्यात गंमत होती, पण मागे पुरावा होता. हिमयुगांत हवा कोरडी आणि धुळीची होती, त्या धुळीतलं लोखंड दक्षिणेच्या पाण्यात पडत होतं आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड तेव्हा कमी होता. १९९३ पासून २००९ पर्यंत डझनभर प्रयोग झाले आणि बहुतेक ठिकाणी लोखंड टाकताच पाणी हिरवं झालं. २००४ च्या आयफेक्स प्रयोगात तर डायटमचा बहर आला, कोसळला आणि त्यातला निदान अर्धा भाग हजार मीटरच्या खाली गेल्याचं शास्त्रज्ञांनी २०१२ मध्ये मांडलं. पंप माणसाला चालवता येतो, याचा यापेक्षा चांगला पुरावा आजवर नाही. आणि उत्सर्जन ज्या गतीने कमी व्हायला हवं त्या गतीने होत नाही, हेही त्याचं म्हणणं खरंच आहे.

पण २००९ चा प्रयोग आपला होता आणि तो या वादात कोणीच आठवत नाही, याचं मला वाईट वाटतं. गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि जर्मनीची आल्फ्रेड वेगेनर संस्था यांनी मिळून तो केला. नावही आपल्या भाषांतलं, लोहाफेक्स. आपल्या बाजूने वजीह नकवी आणि जर्मन बाजूने व्हिक्टर स्मेटाचेक हे त्याचे प्रमुख होते. दक्षिण अटलांटिकच्या टोकाला एका भोवऱ्यात, सुमारे ३०० चौरस किलोमीटर पाण्यात, पोलारस्टर्न जहाजावरून हिराकस सोडलं गेलं. बहर आला, पण डायटमचा नाही. त्या पाण्यातला सिलिका आधीच्या नैसर्गिक बहरांनी संपवला होता, त्यामुळे डब्या बनवायला सामान नव्हतं. उगवले ते मऊ, लहान प्लवक. कोपेपॉड त्यांच्यावर तुटून पडले, कोपेपॉडांना कोळंबीसारखे ॲम्फिपॉड खात राहिले, आणि खोलात गेलेला कार्बन नगण्य ठरला. लोखंड तेच, महासागर तोच. पण कुजणं वर झालं. ज्याला क्रेडिट विकायची आहेत तो आयफेक्सचं चित्र दाखवेल. लोहाफेक्सचं दाखवणार कोण?

इथे त्या तरुणाचं इंदूरचं उदाहरण त्याच्याच विरोधात जातं. देवगुराडियाला २०२२ मध्ये सुरू झालेल्या बायो-सीएनजी प्रकल्पाची क्षमता रोज ५५० टन ओल्या कचऱ्याची. आत किती गेलं ते काट्यावर दिसतं, गॅस किती निघाला ते मीटरवर दिसतं, आणि हा प्रकल्प नसता तर तो कचरा ढिगात सडून मिथेन सोडत होता हे या शहराने नाकाने अनुभवलं आहे. क्रेडिट अशाच गोष्टीचं असावं. समुद्रात मीटर कुठे लावणार? पाणी हलतं, ठिपका पसरतो, बुडालेला कण वर्षभराने शंभर कोसांवर कुजतो. शिवाय एका ठिकाणी प्लवकांनी नायट्रेट आणि फॉस्फेट संपवलं की तेच पाणी पुढे वाहत जाऊन जिथल्या प्लवकांना पोसणार होतं, तिथे उपासमार. कालव्याच्या मुखाशी राहणाऱ्याने पाणी ओढलं की शेपटाशी काय होतं, हे शेतकऱ्याला सांगायला नको. मुखाशी वाढलेलं पीक मोजून क्रेडिट द्यायचं आणि शेपटाशी करपलेलं मोजायचंच नाही, हा कसला हिशेब? खोलात कुजणं वाढलं की तिथला प्राणवायू घटतो, आणि तशा पाण्यातून नायट्रस ऑक्साइड निघू शकतो. एका टनाला शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडपेक्षा अडीचशेपटींहून जास्त तापवतो.

२०१२ मध्ये कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या हैदा या मूलनिवासी समाजाच्या एका गावाने साल्मन मासे वाढतील आणि क्रेडिट मिळतील या आशेवर पैसे घातले आणि सुमारे १०० टन लोहयुक्त सामग्री समुद्रात ओतली गेली. उपग्रहातून हिरवा डाग दिसला. विकता येईल असं क्रेडिट मात्र मिळालं नाही. त्या गावाला मी दोष देत नाही. ज्यांचे मासे गेले त्यांनी आशा धरली, यात गैर काय? दोष त्या बाजाराचा, जो मोजणीच्या आधी विक्रीचं स्वप्न दाखवतो. समुद्र अथांग आहे, त्याला काही होत नाही, ही समजूत जुनीच आहे. १८८३ मध्ये लंडनच्या मत्स्यप्रदर्शनात थॉमस हक्सली यांच्यासारख्या थोर शास्त्रज्ञाने मोठी समुद्री मासेमारी बहुधा न संपणारी आहे असं सांगितलं होतं. १९९२ मध्ये कॅनडाला न्यूफाउंडलंडची कॉड मासेमारी बंद करावी लागली, कारण मासेच उरले नव्हते. हक्सली मूर्ख नव्हते. त्यांच्यापुढे मोजमापं तेवढीच होती.

मग काकांचं बरोबर ठरतं का? त्यांच्या भीतीत अर्थ आहे. एका जिवाचं अन्न वाढवलं की कुठली साखळी कुठे ताणली जाईल हे आपण आधी सांगू शकत नाही, लोहाफेक्सने तेच दाखवलं. पण ढवळाढवळ नको हे वाक्य आज कोणत्या समुद्राला लागू पडतं? उद्योगयुगापासून आपण समुद्राचा सामू (पीएच) सुमारे ०.१ ने उतरवला आहे, म्हणजे आम्लता जवळजवळ तीस टक्क्यांनी वाढवली आहे. चुन्याचे कवच करणाऱ्या प्लवकांना त्याचा थेट त्रास आहे. वरचं पाणी तापलं की ते हलकं होऊन खालच्या पाण्यावर तरंगतं, खालची पोषकद्रव्यं वर येणं कमी होतं. २०१९-२० मध्ये ऑस्ट्रेलियात वणवे पेटले तेव्हा धुराबरोबर लोखंड उडालं आणि हजारो किलोमीटर दूर दक्षिण महासागरात प्लवकांचा प्रचंड बहर आला. परवानगी कोणी घेतली होती? लोहाफेक्सच्या वेळी मात्र जहाज समुद्रात असताना जर्मनीच्या पर्यावरण मंत्रालयाने तो थांबवायला सांगितलं, पुन्हा तपासणी झाली आणि मग काम पुढे गेलं. तपासणी व्हायलाच हवी. पण तो प्रयोग तेव्हा कायमचा थांबला असता तर आज विक्रेत्याला अडवायला आपल्याकडे सिलिकाचा तो पुरावा नसता. संशोधन बंद पाडणाऱ्याला वाटतं की तो समुद्राला वाचवतो आहे. प्रत्यक्षात तो मैदान अशा लोकांसाठी मोकळं करतो, ज्यांना मोजायचंच नाही. समुद्रात काय टाकावं यावर बंधन घालणाऱ्या लंडन प्रोटोकॉल या आंतरराष्ट्रीय करारात २०१३ मध्ये मंजूर झालेली दुरुस्ती विक्रीसाठीचं खतपाणी आणि नीट तपासलेलं संशोधन यांच्यात फरक करते, आणि मला तो फरक योग्य वाटतो.

ताईंच्या प्रश्नाला उत्तर राहिलं. जूनमध्ये आपण ज्या वाऱ्याची वाट बघतो तो माळव्यावर यायच्या आधी अरबी समुद्रावर काम करून येतो. सोमालिया आणि ओमानच्या किनाऱ्याजवळ तो वरचं पाणी लोटतो, खालचं गार आणि पोषक पाणी वर येतं आणि प्लवकांचा हंगाम सुरू होतो. १९८६ पासून गोव्याच्या संस्थेने जर्मन शास्त्रज्ञांबरोबर या समुद्रात खोलवर गाळणीसारखे सापळे टांगले. वरून पडणारा वर्षाव त्यांत साठतो. १९८९ मध्ये त्यांनी जे मांडलं ते वाचून मी अनेक दिवस त्याच विचारात होतो: मान्सून जोरात असतो तेव्हा खोल समुद्रात पडणारा हा वर्षावही वाढतो. आपल्या गच्चीवर पाऊस पडतो त्याच हंगामात तिकडे, सूर्य कधीच न पोचणाऱ्या पाण्यात, दुसरा पाऊस पडत असतो. दोन्हींना आणणारा वारा एक. मान्सून बिघडला तर फक्त बिलावलीचा तलाव रिकामा राहील, असं समजू नका. आणि आपण पाठवतो ते नर्मदेच्या, चंबळेच्या पाण्यातून शेवटी समुद्रातच जातं. इतकं नातं चिंता करायला पुरेसं नाही का?

'कार्बन कुजला कुठे' हाच प्रश्न आपण आपल्या झाडांनाही विचारायला हवा. १४ जुलै २०२४ रोजी रेवती रेंजवर एका दिवसात ११ लाखांहून अधिक रोपं लावून इंदूरने विक्रम केला. मला त्याचा अभिमान आहे, त्या दिवशी चिखलात उभ्या असलेल्या मुलांचे चेहरे मी विसरणार नाही. पण लावलेल्या दिवशीचा आकडा म्हणजे पाण्याचा हिरवा रंग. त्यातली किती वीस वर्षांनी उभी असतील, पडलेल्या झाडाचं लाकूड कुणाच्या खिडकीत बसेल की चुलीत जाईल, यावर तो कार्बन किती काळ हवेबाहेर राहिला ते ठरणार.

समुद्राच्या बाबतीत माझं मागणं साधं आहे. कोणालाही प्लवकांच्या नावाने क्रेडिट विकायचं असेल तर आधी हजार मीटरखाली सापळे टांगावेत, एका हंगामाचे नाही, अनेक वर्षांचे, आणि खतपाणी न केलेल्या शेजारच्या पाण्यातही तेवढेच. आकडे सर्वांसाठी खुले ठेवावेत, फसलेल्या प्रयोगांचेही. हॉवर्ड आणि वाड यांनी आपल्या खड्ड्यांचं तापमान, वजन, नायट्रोजन नोंदवून कोष्टकं छापली होती, म्हणून कुठलाही शेतकरी ती रीत तपासू शकला. आपल्या देशाकडे जहाजं आहेत, गोव्यात साठ वर्षांची संस्था आहे, आणि जगातल्या सर्वांत विलक्षण समुद्रांपैकी एक आपल्या दारात आहे. लोहाफेक्सचा पुढचा प्रयोग सिलिका भरपूर असलेल्या पाण्यात, याच शिस्तीने व्हावा असं मला मनापासून वाटतं, आणि त्यासाठी माझ्या करातले पैसे गेले तर आनंद आहे.

तो तरुण गणपतीत परत घरी येणार आहे. अरबी समुद्रातल्या त्या सापळ्यांचे आलेख मी त्याच्यासाठी काढून ठेवले आहेत. पावसाळ्यात रेषा कशी वर चढते ते त्याला आधी दाखवीन, आणि मग लोहाफेक्सची ती जवळजवळ सपाट राहिलेली रेषा.